दंतवैद्यकाचा खंडित स्वाध्याय

विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या गावी खर्रा खाणारा तरुण दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे जातो. दाढ काढली जाते, दुखणे थांबते आणि रुग्ण घरी परततो. त्याच्या गालाच्या आतील बाजूस असलेला पांढरा चट्टा मात्र कुणी पाहिलेला नसतो, किंवा पाहूनही त्याचा अर्थ ध्यानी आलेला नसतो. वर्ष-दीड वर्षाने तोच तरुण कर्करोग रुग्णालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा जबड्याचा भाग काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरलेले नसते. २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जगातील नव्या रुग्णांच्या एक तृतीयांशाहून अधिक हे प्रमाण आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्या बंदीचे पुढे काय झाले, हे कोणत्याही पानटपरीवर पाहावे.

या रुग्णाचे तोंड सर्वांआधी प्रकाशात उघडून पाहणारा माणूस म्हणजे दंतवैद्य. म्हणूनच पदवी घेतल्यानंतर तो काय शिकतो, हा त्या व्यवसायाचा घरगुती प्रश्न राहत नाही.

देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता संपली की तरुण पदवीधर दवाखाना थाटतो आणि पुढील पस्तीस-चाळीस वर्षे त्या शिदोरीवर काढू पाहतो. शिदोरी मात्र शिळी होते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून वृद्धांना दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे वैद्यकविश्वाच्या लक्षात आले ते २००३ च्या सुमारास. त्यापूर्वी पदवी घेतलेल्यांना हे कुणी शिकवले असणार? हृदयविकाराच्या रुग्णांना दंतोपचारापूर्वी सरसकट प्रतिजैविके देण्याची प्रथा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली मोजक्या, अतिजोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. दातांत भरायच्या पाऱ्याच्या मिश्रणाचेही तेच. पाऱ्याच्या वापरावर बंधने आणणाऱ्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली अनुसमर्थन दिले. काल योग्य असलेले आज अयोग्य ठरते, आणि ते ज्याला ठाऊक नाही तो प्रामाणिक असूनही रुग्णाचे अहित करू शकतो.

दंत परिषदेला याची जाणीव नव्हती असे नाही. २००७ साली निरंतर दंतशिक्षणाची नियमावली आली, २०१८ साली ती सुधारण्यात आली. पाच वर्षांच्या काळात ठरावीक गुण जमवावेत, हा तिचा गाभा. हेतू स्तुत्य, परंतु आपल्याकडे कोणत्याही चांगल्या हेतूचे जे होते तेच याचे झाले. गुण हे साधन न राहता साध्य बनले. परिषदेच्या मंडपात नाव नोंदवावे, पिशवी घ्यावी, भोजन करावे आणि प्रमाणपत्र घेऊन निघावे, हा प्रघात या क्षेत्रातील जाणत्यांना अपरिचित नाही. ज्यांना खरोखर शिकायचे आहे, त्यांच्यापुढे असतात त्या शनिवार-रविवारच्या महागड्या कार्यशाळा. तेथे प्रामुख्याने शिकवले जाते ते कृत्रिम दंतरोपण, दात सरळ करणे, हास्य सुंदर करणे. यात गैर काही नाही, पण साहित्य विकणाऱ्या कंपन्याच शिक्षणाच्या यजमान झाल्या की जे विकता येते तेच शिकवले जाते. गालातील चट्टा ओळखण्याच्या विद्येला विक्रेता कुठून मिळणार?

वास्तविक, पदवी हा विद्येचा शेवट मानण्याची रीत या भूमीतील नव्हे. सुश्रुताचार्यांनी मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली, त्यांची सात स्थाने सांगितली, आणि एवढ्यावर न थांबता शिष्याचा हात कसा तयार करावा हेही सांगितले. ‘योग्या’ म्हणजे प्रत्यक्ष सराव. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर. आणि शरीरातून काही ओढून काढण्याचा सराव मृत पशूंच्या दातांवर! शास्त्र पढलेला पण कर्मात न मुरलेला वैद्य त्यांना एका पंखाच्या पक्ष्यासारखा वाटतो. चरकसंहितेत तर एकाच विद्येच्या जाणकारांनी एकत्र बसून चर्चा करण्याला ‘तद्विद्यसंभाषा’ असे नाव आहे. आज ज्याला आपण परदेशी कल्पना समजून आयात करतो, तिचे बीज इथलेच. अर्थात ग्रंथातील गौरव सांगून दवाखान्यातील उणीव झाकली जात नाही. सुश्रुतांचे नाव घेणाऱ्यांवर सरावाची जबाबदारी अधिक येते.

संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात नीतिमत्ता व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. चौकट बदलत असताना गुणांचा हिशेबही बदलून घेण्याची हीच वेळ आहे. एकूण गुणांपैकी निश्चित वाटा प्रत्यक्ष हातकामाच्या प्रशिक्षणासाठी राखावा. मुखकर्करोगाची पूर्वचिन्हे, निर्जंतुकीकरण आणि प्रतिजैविकांचा विवेकी वापर हे विषय कुणालाही टाळता येऊ नयेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांनी आपापल्या विभागातील ग्रामीण दंतवैद्यांसाठी नाममात्र शुल्कात, आणि मराठीतून, वर्षाकाठी वर्ग घ्यावेत. गडचिरोलीच्या दंतवैद्याने दवाखाना बंद ठेवून, प्रवासखर्च सोसून महानगरातील तारांकित हॉटेलात शिकायला जावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

सेवाकार्यात रमलेल्या संस्थांनाही येथे मोठे क्षेत्र खुले आहे. दंततपासणी शिबिरे आपल्याकडे उदंड होतात. त्यात दातांची कीड मोजली जाते, ब्रश वाटले जातात, छायाचित्रे निघतात. त्याच शिबिरात एक अनुभवी मुखशल्यचिकित्सक आणि भोवती पाच-सात तरुण दंतवैद्य, अशी रचना का होऊ नये? दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा, दिवसेंदिवस कमी उघडणारे तोंड, मिश्री लावणाऱ्या मावशींची खडबडीत हिरडी हे सारे तेथे समोर असते, आणि संशयित रुग्णाला तुकडा-तपासणीसाठी कुठे पाठवायचे याची चिठ्ठीही तेथेच लिहिता येते. अशा शिबिरात घालवलेल्या दिवसाला मंडपातील दिवसापेक्षा अधिक गुण द्यायला आयोगाने संकोचू नये.