बंदूक उसनी देऊ नका



ज्वारी दाण्यावर आली की जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवतो. मग शेजारी येतो, "भाऊ, आजची रात्र बंदूक द्या." आपण वखर, बैलजोडी उसनी देणारी माणसे, नाही म्हणताना जीभ अडखळते. तरीही नाही म्हणा.

वखर चुकला तर तास वाकडा जातो, बार चुकला तर माणूस जातो. अंधारात ज्वारी हलली ती डुकरानेच कशावरून? धुऱ्यापलीकडे दुसराही जागलीला असतो. विषाची माहिती न देता हाती पंप दिला की काय होते, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने दाखवले. बंदूक तर त्याहून घातक.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना माणसाला मिळतो, शेताला नाही. २०१६ च्या नियमांनी नव्या परवान्याला प्रशिक्षण लावले. रानडुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळीच.

शेजाऱ्याला साथ द्यायची तर त्याच्यासोबत जागलीला बसा. कुंपणासाठी, भरपाईसाठी सरकारशी सगळे मिळून भांडू. पण बार कोणीही काढो, बंदूक देणाऱ्याचा हात त्यात असतोच.