पकड सुटते तेव्हा
'असेट्टो कोर्सा'त वळणावर स्टिअरिंग हलकं पडलं की समजायचं, पुढच्या टायरची पकड सुटली. खरी गाडीसुद्धा तळहाताएवढ्या चार ठशांवरच रस्ता धरते. तेवढ्याच पकडीत ब्रेकही आणि वळणही, म्हणून भर वळणात ब्रेक दाबायचा नाही, हे मी गेममध्येच शिकलो. त्यामुळे 'टाइमपास' म्हणून गेमला नाक मुरडणं मला पटत नाही.

पण पावसाळ्यात पांढरकवडा रोडवर या. शेतातून निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर सोडून जातो. मी खेळलेल्या एकाही गेममध्ये हा चिखल नाही. घसरणारी गाडी आधी कमरेला कळते. खुर्चीत बसून ते कळणार कसं? 'गेममध्ये येते ना' म्हणत दादाची गाडी काढणाऱ्यांनो, पहिले त्या चिखलावर वीसच्या स्पीडने, दादाला शेजारी बसवून चालवून बघा.