काच कठीण, पण अभंग नव्हे

‘गोरिला ग्लास असताना कव्हर आणि विमा ही निव्वळ उधळपट्टी’ हे पत्र वाचले. पत्रलेखकाने कठीणपणा आणि न फुटणे यांची गल्लत केली आहे. फोनच्या पडद्याची ही काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात. सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियम आयन शिरून पृष्ठभाग दाबाखाली येतो, म्हणून ती सहजी तडकत नाही. पण कोपऱ्यावर आपटली, तर शेवटी काचच ती! खिशातल्या वाळूचे कणही तिच्यावर ओरखडे काढतात. उंच कडांचे साधे कव्हर निदान धक्का तरी झेलते.

विम्याबाबत मात्र मी अर्धा सहमत आहे. माझा दावा ‘फोन चोरीला नव्हे, हरवला’ म्हणून फेटाळला गेला. अटी आधी वाचाव्यात. लेखी तक्रारीला कंपनीने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते.

– एक वाचक, सातारा