अख्खी वळत नाही

आईच्या लग्नातल्या कपबश्यांपैकी उरलेली एकुलती एक बशी गेल्या महिन्यात माझ्या हातून फुटली. पांढऱ्यावर निळ्या फुलांची वेल होती. फुटकं घरात ठेवू नये म्हणतात, पण एका तुकड्यावर अख्खं फूल देठासकट शाबूत राहिलं होतं. टाकवेना. सगळे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्याखाली सारले.

त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर चायना मोझेकचं काम निघालं. मिस्त्री उकिडवे बसून पांढऱ्या टाइल्सचे तुकडे ओल्या सिमेंटात एकेक दाबत होते. भिंत आणि जमीन मिळते तिथे पाणी मुरू नये म्हणून गोलाई द्यावी लागते. सबंध टाइल का नाही लावत, असं विचारलं तर म्हणाले, "ताई, अख्खी वळत नाही."

बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलचा नागमोडी बाक वास्तुकार गौदी आणि जुजोल यांनी मढवला तो याच युक्तीने. पण मला आठवला तो फ्रान्समधल्या शार्त्र गावचा रेमों इझिदोर. जन्म 1900 चा, काम कब्रस्तान झाडण्याचं. 1938 च्या सुमारास रानातून चालताना त्याला चिनीमातीचे, काचेचे तुकडे दिसले. रंग आवडले, चमक आवडली, म्हणून त्याने ते वेचले. काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. मग स्वतः बांधलेल्या घराच्या भिंती त्याने मढवायला घेतल्या. पुढे जमीन, खुर्च्या, पलंग, अंगण. बायकोचं शिवणयंत्रसुद्धा! त्या माउलीने काय म्हटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

शार्त्रचं कॅथेड्रल रंगीत काचांसाठी जगभर नावाजलेलं. इझिदोरने ते आपल्या भिंतींवर पुन्हा पुन्हा काढलं, तेही लोकांनी फेकलेल्या ताटल्यांच्या तुकड्यांतून. गावाने त्याला 'पिकासिएत' म्हणून चिडवलं: फुकट्याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्यात 'ताटली' दडलेली आहे आणि ऐकताना पिकासोही आठवतो. 1964 मध्ये तो गेला. 1981 मध्ये तेच घर नगरपालिकेने विकत घेतलं आणि दोन वर्षांनी त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला.

मला त्याचं मोठेपण यात वाटतं की त्याने ताटली पुन्हा ताटली करायचा हट्ट धरला नाही. कुणाच्या तरी घरची ताटली जेवणातून उठली होती, तिच्यावरचं फूल मात्र अजून फुललेलं होतं. त्याने ते फूल पाहिलं.

काल ओट्याखालचं पुडकं घेऊन गच्चीवर गेले. मिस्त्रींनी तुकडे तळहातावर घेतले, उलटसुलट केले. फुलाच्या तुकड्याची धार पकडीने थोडी मारली, अंगठ्याने पुसली. सगळ्या पांढऱ्या गच्चीवर एकदा नजर फिरवून मला विचारलं, "हे कुठं बसवू?"

आई रोज तुळशीला पाणी घालायला जिथे उभी राहायची, ती जागा मी दाखवली.