बुरशीचा आकडा, पेशीची कडी



२०२१ चा मे महिना आपल्या शहराला विसरता येणार नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून सावरलेले कित्येक रुग्ण नाक, डोळा आणि टाळूच्या विकाराने पुन्हा रुग्णालयात येऊ लागले होते. मराठवाड्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून कुटुंबे ‘घाटी’कडे, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, धाव घेत होती. त्याच महिन्यात केंद्र शासनाने म्युकरमायकोसिसची नोंद साथरोग कायद्याखाली सक्तीची करण्याची सूचना राज्यांना दिली. लाट ओसरली, परंतु तो आजार करोनापूर्वीही होता आणि आजही आहे. म्हणून त्याचे मर्म समजून घेणे ज्येष्ठांच्या हिताचे आहे.

प्रथम नावाविषयी. ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले असले, तरी काळेपणा बुरशीचा नसतो. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आत रक्ताची गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेथील मांस मृत होऊन काळे पडते. मृत भागात रक्तच पोहोचत नसल्याने औषधही पोहोचत नाही. म्हणूनच अ‍ॅम्फोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनांसोबत तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत, कुजका पालापाचोळा आणि धूळ यांत सर्वत्र असतात. पावसाळ्यात शिळ्या पावावर उगवणारी करडी केसाळ बुरशी ही तिचीच भावकी. आपण सारेच हे बीजाणू श्वासावाटे आत घेतो. मग एखाद्यालाच आजार का होतो? या प्रश्नाचे मोठे उत्तर प्रथिनांत दडलेले आहे.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. येथे अभिप्रेत आहेत ती सजीव पेशी स्वतः घडवते ती प्रथिने. या बुरशीच्या पृष्ठभागावर ‘कॉटएच’ नावाची प्रथिने असतात. त्यांना आपण आकडा म्हणू. आपल्या नाकातील व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवर ‘जीआरपी-७८’ हे प्रथिन असते. ती झाली कडी. कडीचे एरवीचे काम पेशीच्या आत असते. नवी प्रथिने नीट घडवण्यास ती साहाय्य करते. पेशीवर ताण आला की ती पृष्ठभागावर अधिक संख्येने येते. बुरशीचा आकडा नेमका तिच्यात अडकतो आणि बुरशीला आत शिरण्याची वाट मिळते.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१० मध्ये ही कडी आणि २०१४ मध्ये हा आकडा ओळखला. आकड्याचे प्रमाण घटवलेली बुरशी प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये सौम्य ठरली. त्या आकड्यावर बसणारी प्रतिपिंडे दिल्यावर मधुमेही उंदरांचे रक्षण झाले. या वाटेने माणसासाठी औषध घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आता आपल्या हातातील गोष्ट. रक्तातील साखर फार वाढली आणि शरीरात कीटोन साठून रक्त आम्लधर्मी झाले, की आकडे व कड्या दोन्ही वाढतात. शिवाय, एरवी आपल्या रक्तातील लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. आम्लतेमुळे ती पकड सैल होते आणि मोकळे झालेले लोह बुरशीचे पोषण करते. स्टेरॉइडमुळे साखर वाढते, त्याच वेळी पांढऱ्या पेशींची पहारेदारीही मंदावते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र येणे का घातक ठरले, हे यावरून ध्यानी येईल.

तेव्हा घरातील आजी-आजोबांची काळजी वाहणाऱ्यांनी पुढील पथ्य पाळावे. ताप किंवा अन्य आजारपणात साखर अधिक वेळा तपासावी. ‘जेवण गेले नाही’ म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. अतिशय तहान, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास किंवा श्वासाला फळांसारखा गोडसर वास ही कीटोन वाढल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आणून घेऊ नये, तसेच चालू असलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवूही नये. मधुमेह असणाऱ्यांनी कुंड्यांतील माती व खत हाताळताना मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. डाळ-दूध मात्र कमी करण्याचे कारण नाही. आहारातील प्रथिनांनी बुरशीचा आकडा बळकट होत नाही.

चेहऱ्याच्या एकाच बाजूस दुखणे, बधिरता वा सूज, एकच नाकपुडी चोंदणे, नाकातून काळपट वा रक्तमिश्रित स्राव, टाळूवर काळा डाग, एकाएकी हलू लागलेले दात, पापणी खाली येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही मधुमेही वा स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीस आढळल्यास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ‘सर्दी असेल, दाढ दुखत असेल’ म्हणून दवडलेले दोन दिवस डोळ्याच्या किंवा जिवाच्या मोलाचे ठरू शकतात. कवळी वापरणाऱ्या ज्येष्ठांची टाळू कवळी काढून उजेडात पाहावी. तो डाग तिच्याखाली झाकला जातो.

हवेतील बीजाणू आपल्याला टाळता येत नाहीत आणि बुरशीचा आकडा मोडणे अजून वैद्यकाच्या हाती आलेले नाही. कड्या वाढू न देणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या घरात, साखरेच्या रोजच्या नोंदवहीत आहे. ती वही आज उघडून पाहावी, एवढीच विनंती.