स्कोपचे खूळ

आमच्या ताथवड्यात फराळाच्या ताटाबरोबर हल्ली एक प्रश्नही पुढे येतो: "मास्तर, पोराला कुठला विषय घ्यावा? स्कोप कशात आहे?" पोराला कोणी विचारीत नाही. विचारलेच आणि तो "अजून ठरलं नाही" म्हणाला, की बापाच्या तोंडचा लाडू कडू होतो.

मी म्हणतो, सतराव्या वर्षी का म्हणून ठरावे? गावात सरकारी वळूमाता प्रक्षेत्र आहे. वळू निवडायचा तर जाणकार त्याच्या आईच्या दुधाची नोंद पाहतात. पोराचा विषय निवडताना आम्ही पाहतो हिंजवडीला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलाचा पगार!

2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. हेतू चांगला होता. पण एका मुलीचा कल ललित कलेकडे निघाला, तर तिची आई म्हणाली, "संगणक चुकला असेल!"

इरावती कर्वे 1926 साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मुंबईस घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राकडे वळल्या आणि बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टर झाल्या. आमच्या गल्लीत असत्या, तर "पोरीचं एक धड नाही" हा शेरा ठरलेला.

"ही चैन गरिबाला परवडत नाही," असे कोणी म्हणेल. अहो, गरिबालाच तर चुकीचा विषय परवडत नाही! कर्ज काढून फी भरायची, पोराने विषय मागे ठेवीत वर्षे घालवायची आणि शेवटी भलतीच नोकरी धरायची, हे मी घरोघर पाहतो आहे. मी स्वतः मॅट्रिक. पण एवढा हिशेब मलाही येतो.

न ठरलेल्या पोराला दटावू नका. वरच्या वर्गाची पुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवा. पुढे त्याला तेच करायचे आहे, माहितीपत्रकातल्या बागेत फिरायचे नाही. गोडीचा भाग कोणालाही गोड लागतो. रुक्ष भागही तो कुरकुर न करता कशाचा करतो, ते पाहा. त्या विषयाच्या माणसाजवळ दिवसभर बसवा. कारखान्यात, प्रयोगशाळेत, वकिलाच्या कचेरीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना पहिल्या वर्षी तीन विषय चाखून मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवण्याची सवड दिली आहे. अभियांत्रिकीला ती नाही. तिथे शाखा प्रवेशालाच गळ्यात पडते. तेव्हा त्या दाराशी पोराला ढकलण्याआधी निदान त्या प्रश्नपत्रिका तरी एकदा घरी आणा.