विश्लेषण : पिरॅमिड राजाचे, मग कुडा लेणी कोणाची?

गिझा येथील ‘ग्रँड इजिप्शियन म्युझियम’चे १ नोव्हेंबर २०२५ रोजी औपचारिक उद्घाटन झाले आणि पिरॅमिड पुन्हा चर्चेत आले. त्याआधी मार्चमध्ये खाफ्रेच्या पिरॅमिडखाली ६०० मीटरपेक्षा खोल खांब असल्याचा दावा इटलीतील काही संशोधकांनी केला होता. इजिप्तचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी तो फेटाळला, तरी परग्रहवासीयांचे फॉरवर्ड थांबलेले नाहीत. कोकणातही जुने लेणे दिसले की ‘पांडवांनी एका रात्रीत कोरले’ असे सांगायची रीत आहे. रोह्याच्या दक्षिणेला, तळा तालुक्यातील कुडा येथील लेण्यांवर मात्र ती कोणी दान केली, हे नावानिशी कोरलेले आहे.

पिरॅमिड कशासाठी बांधले?

राजाच्या दफनासाठी. मृत्यूनंतरच्या प्रवासात राजाला देह आणि वस्तू लागतील, अशी श्रद्धा होती. सुरुवातीला दफनाच्या जागी सपाट माथ्याचा विटांचा चौथरा असे. इ. स. पूर्व २७व्या शतकात सक्कारा येथे जोसेर राजासाठी एकावर एक टप्पे चढवले गेले आणि पहिला पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला. पुढे स्नेफेरूच्या एका पिरॅमिडचा उतार बांधकाम सुरू असतानाच कमी करावा लागला. तो आजही मध्येच वाकलेला दिसतो. साइटवर डिझाइन बदलण्याचा हा फार जुना पुरावा! त्याचा मुलगा खुफू याचा गिझातील पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच होता आणि त्यात अंदाजे २३ लाख दगड आहेत.

गुलामांनी बांधले का?

चित्रपटांनी तसे दाखवले, पुरावे वेगळे सांगतात. गिझाजवळ कामगारांची वसाहत सापडली. तिथे भट्ट्या होत्या, पाव भाजले जात आणि गुरांचे मांस मोठ्या प्रमाणात खाल्ले जाई. १९९० मध्ये कामगारांच्या कबरीही सापडल्या. काही सांगाड्यांतली मोडलेली हाडे उपचारानंतर नीट जुळलेली होती. गुलामांना राजाच्या पिरॅमिडशेजारी कबर मिळाली नसती, असे हवास यांचे म्हणणे आहे. अर्थात ही मजुरी पूर्ण स्वेच्छेची होती असेही नाही. राज्य माणसे पाळीपाळीने कामावर बोलावत असे.

सर्वात बोलका पुरावा २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे मिळाला. ‘मेरर’ नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी. आजची टोळी कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, दगड कुठून कुठे, असा रोजचा हिशेब त्यात आहे. तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड होड्यांत भरायचा आणि नाईलच्या पुराचे पाणी व कालवे वापरून गिझाला पोहोचवायचा, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. भरतीची वेळ साधून धरमतर खाडीत शिरणारे बार्ज पाहणाऱ्या पेणकरांना हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. अवजड माल पाण्यावरून नेणे सोपे, हे साडेचार हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होते.

कुडा लेणी काय आहेत?

मुंबई-गोवा महामार्गावर पेण, कोलाड मागे टाकून इंदापूरहून तळ्याकडे वळले की पुढे मांदाडजवळ राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला डोंगरात ही २६ बौद्ध लेणी आहेत. बहुतेक सातवाहन काळातली. काही बुद्धमूर्ती नंतर, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरल्या गेल्या. इथे कोणाचे दफन नाही. स्तूप असलेली चैत्यगृहे आणि भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत. एरवी फिरत राहणारे भिक्खू पावसाळ्यातले तीन महिने एका जागी थांबत. कोकणातल्या पावसात त्यासाठी कातळाइतके भक्कम छप्पर दुसरे कोणते?

पैसा कोणी दिला?

पिरॅमिडमागे राजाचा खजिना आणि हुकूम होता. कुड्यात बऱ्याच ठिकाणी दात्याचे नाव ब्राह्मी लिपीत आहे. हे लेख भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे, वैद्य सोमदेव आहे, एक माळी आहे, आणि चैत्यगृह देणारी भायिला नावाची ब्राह्मण स्त्रीही आहे. सहाव्या क्रमांकाच्या मोठ्या लेण्याचा लेख तर कुटुंबाचा जमाखर्चच वाटावा. स्थानिक महाभोज राजाच्या पदरी असलेल्या लेखकाचा धाकटा भाऊ शिवम याने लेणे दिले, कोरीव काम बायको विजया हिच्या नावावर आणि खांब लेकींच्या नावावर.

म्हणजे राजवंशाचा उल्लेख आहे, पण बिल वाटून घेतलेले आहे. उणीव एकच, आणि ती मोठी आहे. प्रत्यक्ष छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांची नावे या यादीत नाहीत. गिझात उलट झाले. तिथे कामगारांच्या टोळ्यांनी दगडांवर ‘खुफूचे मित्र’ यांसारखी आपल्या टोळीची नावे रंगवून ठेवली.

आता धोका कशाचा?

पिरॅमिडवर जगभरातून पैसा आणि पर्यटक येतात. कुडा लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, पण हे लेख उघड्या दगडावर आहेत आणि खाऱ्या, दमट हवेत अक्षरे झिजतात. शिवाय त्याच भिंतीवर कोणी किल्लीने स्वतःचे नाव कोरले, तर महिक किंवा भायिलाची ओळ कायमची जाऊ शकते. संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.